पहिल्या स्कॅनला सापडत नाही, सातव्याला सापडतं: ब्लूटूथच्या शोधक्रमातली चुकामूक

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. ब्लूटूथ प्रिंटर चालू आहे, दिवा लुकलुकतोय, मोबाइलवर तो आरामात दिसतोय. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘शोधा’ बटण दाबलं की यादीत कुणाचं तरी घड्याळ येतं, कुठलेसे सेन्सर येतात, नाव नसलेले पाच-सहा पत्ते येतात. प्रिंटर तेवढा येत नाही. पुन्हा दाबता, नाही. पुन्हा, नाही. सातव्या वेळी अचानक हजर, जणू काही झालंच नव्हतं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे हाच प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात चालतो.

माझ्याकडे हा त्रास तीन वेगवेगळ्या कामांत झाला. दर वेळी मी आधी सिग्नलवर संशय घेतला. डाँगल (यूएसबीत लावायचा ब्लूटूथ रेडिओ) बदलला, तो लांब वायरवर घेतला, यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढून साध्या पोर्टमध्ये लावला (यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो हे खरं आहे, पण इथे तो आरोपी नव्हता). एकदा तर प्रिंटरच बदलून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी. रेडिओ ठणठणीत होता, प्रिंटरही ठणठणीत होता. गडबड होती ती शोधाच्या क्रमात आणि त्या क्रमाची कल्पना नसलेल्या माझ्या टायमरमध्ये.

एक बटण, दोन शोध

आपण ‘ब्लूटूथ स्कॅन’ असं एकवचनात म्हणतो. आत दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत. एक जुनी, क्लासिक: हेडफोन, पावती छापणारे प्रिंटर, बारकोड वाचणारी यंत्रं, गाडीतला स्पीकर बहुधा हिच्यावर. दुसरी एलई, म्हणजे कमी ऊर्जेची, २०१० साली ब्लूटूथ ४.० बरोबर आलेली: घड्याळं, सेन्सर, बीकन, कुलुपं. दोन्ही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असल्या तरी एकमेकींची भाषा त्यांना कळत नाही. एलई स्कॅन चालू असताना क्लासिक प्रिंटर कितीही जवळ असला तरी दिसणार नाही, आणि उलटही तेच.

शोधण्याची तऱ्हाही उलटी आहे. एलईमध्ये डिव्हाइस स्वतःहून ओरडत असतं, ‘मी इथे आहे’, आणि शोधणारा गप्प बसून ऐकतो. ओरडण्यासाठी तीनच ठरलेली चॅनल आहेत, ३७, ३८ आणि ३९. त्यामुळे ऐकणाऱ्याला फार वणवण करावी लागत नाही, अर्ध्या-एक सेकंदात यादी भरायला लागते.

क्लासिकमध्ये ओरडतो तो शोधणारा. त्या ओरडण्याला इन्क्वायरी म्हणतात. डिव्हाइस बहुतेक वेळ झोपलेलं असतं, अधूनमधून कान उघडतं आणि नेमकी तेव्हा हाक ऐकू आली तरच उत्तर देतं.

साध्या संगणकातल्या किंवा डाँगलमधल्या चिपमध्ये रेडिओ एकच असतो. मग ही दोन कामं करायची कशी? एकतर आळीपाळीने, नाहीतर वेळेचे बारीक तुकडे पाडून सोबत. लिनक्सवरचा ब्लूझ (तिथलं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर) मुळात आळीपाळीने करतो: आधी ५.१२ सेकंद एलई, मग ५.१२ सेकंद क्लासिक इन्क्वायरी. ज्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये ‘ही दोन्ही एकदम करू शकते’ अशी खूण घातलेली आहे, तिथे दोन्ही शोध एकाच क्षणी सुरू होतात, आणि क्लासिकला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून एलई स्कॅनचं इंटरव्हल (एका ऐकण्यापासून पुढच्या ऐकण्यापर्यंतचा काळ) दुप्पट केलं जातं. माझ्या लॅपटॉपची चिप या दुसऱ्या जातीची होती आणि जिथे त्रास होत होता तिथला डाँगल पहिल्या. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्याचा उगम तिथे होता.

एलई आधी का? माझ्या मते कारण साधं आहे. एलईची यादी लवकर भरते आणि माणसाला काहीतरी घडतंय असं वाटतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यामुळे चकवा लागतो. यादी भरतेय म्हणजे शोध नीट चाललाय अशी त्याची समजूत होते.

नोंदीत काय दिसलं

ब्लूझबरोबर बीटीमॉन नावाचं साधन येतं. रेडिओच्या चिपला काय हुकूम गेले आणि तिने काय उत्तर दिलं, ते ओळीनं दाखवतं. या विषयात दुसरं काही शिकला नाहीत तरी चालेल, पण हे एका खिडकीत चालू ठेवायची सवय लावून घ्या. माझा प्रोग्राम शोध सुरू करायचा, सहा सेकंद थांबायचा, शोध बंद करायचा, प्रिंटर नसला तर पुन्हा पहिल्यापासून. त्या एका फेरीची नोंद, अनावश्यक ओळी गाळून, अशी होती:

०.०० एलई सेट स्कॅन पॅरामीटर्स, प्रकार ॲक्टिव्ह
०.०१ एलई सेट स्कॅन इनेबल, चालू
०.०४ एलई ॲडव्हर्टायझिंग रिपोर्ट
०.०९ एलई ॲडव्हर्टायझिंग रिपोर्ट (आणि अशा कितीतरी)
५.१३ एलई सेट स्कॅन इनेबल, बंद
५.१४ इन्क्वायरी, जनरल, लेंथ ५.१२ सेकंद
६.०० इन्क्वायरी कॅन्सल

शेवटच्या दोन ओळी पाहा. क्लासिक शोध सुरू झाला ५.१४ ला आणि मी तो स्वतःच्या हाताने ६.०० ला मारला. ५.१२ सेकंद चालायची इन्क्वायरी, तिला मिळाले ०.८६ सेकंद. वर पुन्हा प्रयत्न करायचं वळण असं लिहिलेलं की पुढची फेरी परत एलईपासून. दर सहा सेकंदांनी पहिले पाढे पंचावन्न. ‘पुन्हा शोधा’ जितक्या उत्साहाने दाबाल तितकं क्लासिकच्या वाट्याला कमी येतं. अधीर माणसाने पाचव्या सेकंदाच्या आतच बटण दाबलं तर इन्क्वायरी सुरूच होत नाही, मग तो दिवसभर दाबत बसला तरी.

हे पाहिल्यावर मी थोडा वेळ खुर्चीत मागे रेलून बसलो. तीन डाँगल विकत घेऊन झाले होते.

०.८६ सेकंद कमी का पडतात

‘दुसऱ्या मोबाइलवर पटकन दिसतो, मग एक सेकंद का पुरू नये’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा खोलात जातो. सगळी मेख इथेच आहे.

इन्क्वायरीसाठी ३२ वारंवारिता राखून ठेवल्या आहेत. त्यांच्या १६-१६ च्या दोन ट्रेन केलेल्या असतात, ए आणि बी. रेल्वेशी संबंध नाही, माळ समजा. शोधणारा एक माळ १० मिलिसेकंदांत ओढतो आणि तीच माळ निदान २५६ वेळा ओढून मग दुसरी हातात घेतो. २५६ गुणिले १० मिलिसेकंद म्हणजे २.५६ सेकंद. म्हणजे पहिले अडीच सेकंद एकाच माळेत जातात. उरलेल्या अर्ध्या वारंवारितांवर तोवर चकार शब्द नाही.

आता डिव्हाइसची बाजू. मानकातल्या मूळ मूल्यांप्रमाणे ते दर २.५६ सेकंदांनी एकदा कान उघडतं, तोही ११.२५ मिलिसेकंद, आणि तोही एकाच वारंवारितेवर. ११.२५ हा आकडा उगाच आलेला नाही. १० मिलिसेकंदांची अख्खी माळ त्या खिडकीतून एकदा जावी इतकी ती मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. पण चालू असलेली माळ दुसरीच असली तर खिडकी उघडली काय नि मिटली काय, सारखंच.

ढोबळ हिशेब करा. ०.८६ सेकंदांत डिव्हाइसने कान उघडण्याची शक्यता ०.८६ भागिले २.५६, म्हणजे साधारण एक तृतीयांश. त्यात नेमकी बरोबर माळ चालू असण्याची शक्यता निम्मी. दोन्ही मिळून सहातून एकदा. सातव्या वेळी सापडणाऱ्या प्रिंटरचं गूढ एवढंच. आकडा ढोबळ आहे हे पुन्हा सांगतो. काही डिव्हाइसं दर १.२८ सेकंदांनी कान उघडतात, काही ‘इंटरलेस्ड’ पद्धतीने लागोपाठ दोन खिडक्या उघडून दोन्ही माळा पकडतात, त्यांचं नशीब बरं असतं. तुमच्या एका हेडफोनला हा त्रास होत नाही आणि प्रिंटरला होतो, तो यामुळे.

त्यात आणखी एक गोष्ट. एकाच हाकेला दहा डिव्हाइसांनी एकदम उत्तर देऊन गलका होऊ नये म्हणून प्रत्येकाला मनाला येईल तितका थांबा घ्यायला सांगितलेलं आहे, ० ते १०२३ स्लॉट (वेळेचे बारीक तुकडे), म्हणजे जास्तीत जास्त ०.६४ सेकंद. आणि गोंगाट टाळून उडी मारण्याची जी सोय ब्लूटूथ १.२ पासून आली ती जोडणी झाल्यानंतरची. इन्क्वायरी त्या ठरलेल्या ३२ जागांवरच फिरते, मग त्यांतल्या निम्म्या जागा शेजारच्या वाय-फायने व्यापलेल्या का असेनात. हे सगळं धरून मानक सांगतं की काहीही अडथळा नसताना सगळी उत्तरं गोळा करायची तर निदान तीनदा माळ बदलायला हवी. चार गुणिले २.५६, म्हणजे १०.२४ सेकंद. ब्लूटूथमध्ये १०.२४ हा आकडा ठिकठिकाणी भेटतो, त्याच्यामागे हेच गणित आहे.

ब्लूझचा आळीपाळीचा शोध मात्र इन्क्वायरीला ५.१२ च देतो, निम्मेच. म्हणजे टायमर नीट ठेवला तरी एखाद्या फेरीत प्रिंटर हुकू शकतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. दुसऱ्या फेरीची वाट पाहायची. फक्त ती फेरी डीमनलाच (ब्लूझचा मागे सतत चालणारा प्रोग्राम) करू द्यायची, आपण मध्ये हात घालायचा नाही.

उपाय, मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने

सगळ्यात आधी रोग पक्का करा. ब्लूटूथसीटीएल (ब्लूझला हुकूम द्यायचं साधन) उघडा आणि नुसतं ‘स्कॅन ऑन’ न म्हणता ‘स्कॅन बीआरईडीआर’ म्हणा; बीआरईडीआर हे क्लासिकचंच तांत्रिक नाव. हा हुकूम फक्त क्लासिक शोध चालवतो, तोही पुरे १०.२४ सेकंद. यात प्रिंटर दर वेळी दिसत असेल आणि ‘स्कॅन ऑन’मध्ये कधी दिसतो कधी नाही असं होत असेल, तर दुखणं क्रमाचंच आहे. यातही दिसत नसेल तर पुढे वाचायची घाई नको, थेट शेवटच्या भागाकडे जा.

रोग पक्का झाला की औषध बहुतेक वेळा एका ओळीचं असतं. शोध सुरू करण्याआधी डिस्कव्हरी फिल्टरमध्ये (काय शोधायचं ते ब्लूझला सांगायची जागा) ‘ट्रान्सपोर्ट’, म्हणजे क्लासिक की एलई, ते सांगा. काही सांगितलं नाही तर तो ‘ऑटो’ असतो, म्हणजे दोन्ही. तुम्हाला क्लासिक प्रिंटरच हवा आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे, मग एलईच्या फेऱ्यात जायचंच कशाला? ‘बीआरईडीआर’ म्हणा. सेन्सर हवा असेल तर ‘एलई’ म्हणा. माझ्या प्रोग्राममध्ये या एका ओळीने प्रिंटर पहिल्याच फेरीत दिसायला लागला.

दोन्ही प्रकारची डिव्हाइसं खरोखरच हवी असतील तर टायमर वाढवा आणि मध्ये थांबवू नका. ब्लूझचा डीमन एक फेरी झाली की ५ सेकंद विश्रांती घेतो आणि मग पुढची फेरी सुरू करतो. म्हणजे पूर्ण चक्र साधारण १५ सेकंदांचं: ५.१२ एलई, ५.१२ क्लासिक, ५ शांतता. इन्क्वायरी संपल्या संपल्या कुणी प्रिंटरचं बटण दाबलं, तर पुढच्या इन्क्वायरीला अजून १० सेकंद आहेत. मी अशा ठिकाणी टायमर ३० सेकंदांचा ठेवतो, दोन पूर्ण चक्रं बसतील एवढा, आणि हवं ते सापडलं की लवकर बाहेर पडतो.

याचीच उलट बाजूही लक्षात असू द्या. एलई डिव्हाइस बॅटरी वाचवायला दर १०.२४ सेकंदांनी एकदाच ओरडू शकतं, तेवढी मुभा मानकात आहे. अशा आळशी सेन्सरसाठी ५.१२ सेकंदांचा एलई टप्पा म्हणजे जेमतेम निम्मी संधी. तक्रार ‘सेन्सर एकाआड एक फेरीत दिसतो’ अशी असेल तर कारण हेच, फक्त दोघांची जागा बदललेली. तिथे ट्रान्सपोर्ट ‘एलई’ ठेवा.

दुसरा कुणीतरी त्याच रेडिओवर बसलाय

इथपर्यंत सगळं केलं, चार दिवस छान चाललं आणि पुन्हा ‘ये रे माझ्या मागल्या’ झालं, तर इकडे पाहा. अडॅप्टर (म्हणजे संगणकाचा ब्लूटूथ रेडिओ) एक, गिऱ्हाइकं अनेक. डेस्कटॉपवर ब्लूटूथ सेटिंग्जची खिडकी उघडी राहिली असेल तर तीही शोध मागत असते. ब्लूझ सगळ्यांचे फिल्टर एकत्र करतो. तुम्ही ‘बीआरईडीआर’ मागितलंत आणि सेटिंग्जने काहीच फिल्टर न लावता शोध मागितला, तर रेडिओवर चालतो तो दोन्हींचा आळीपाळीचा शोध. वर त्यातून सापडलेली डिव्हाइसं सगळ्यांनाच कळवली जातात. म्हणून आलेलं डिव्हाइस आपल्या फिल्टरात बसतं का ते प्रत्येक प्रोग्रामने स्वतः तपासायचं असतं, हे ब्लूझच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत. मीही वाचलं नव्हतं.

ओळखायचं कसं? तुम्ही शोध सुरू करण्याआधीच अडॅप्टरचा ‘डिस्कव्हरिंग’ गुणधर्म ‘ट्रू’ असेल, तर आधीच कुणीतरी बसलंय. तुम्ही शोध थांबवल्यावरही तो ‘ट्रू’च राहिला, तरी तेच.

याच्याच जवळची एक चूक फार जण करतात. प्रोग्राम ‘नवीन डिव्हाइस आलं’ या घटनेची वाट पाहत बसतो. पण डिव्हाइस आधीच्या शोधात सापडून यादीत राहिलेलं असेल, किंवा त्याच्याशी कधीकाळी पेअरिंग झालेलं असेल, तर ते नवीन नसतं. तेव्हा नव्याने आल्याची घटना येत नाही, फक्त त्याच्या सिग्नलचा आकडा बदलल्याची येते. तात्पुरती सापडलेली डिव्हाइसं ब्लूझ काही वेळाने यादीतून काढून टाकतो, मूळ मूल्य ३० सेकंद. त्यामुळे लगेच केलेला दुसरा शोध रिकामा येतो आणि मिनिटभराने केलेला भरलेला. हे कोडं वरच्या कोड्यासारखंच दिसतं, म्हणून लोक तिथेही टायमर वाढवत बसतात. तिथे टायमरचा दोष नाही. शोध सुरू करण्याआधी असलेली यादी एकदा वाचून घ्या, मग घटना ऐका.

नाव उशिरा येतं

डिव्हाइस नावावरून ओळखत असाल तर क्रमाचा आणखी एक फटका बसतो. इन्क्वायरीच्या मूळ उत्तरात नाव नसतंच. पत्ता असतो, घड्याळ असतं, डिव्हाइसचा वर्ग असतो. ब्लूटूथ २.१ पासून, म्हणजे २००७ पासून, उत्तराला २४० बाइटची जोड मिळाली आणि नाव सोबत यायला लागलं, पण सगळी डिव्हाइसं ती सोय वापरत नाहीत. नाव आलं नाही की शोध संपल्यावर प्रत्येकाला वेगळं गाठून ‘तुझं नाव काय’ विचारावं लागतं. गाठायला वेळ लागतो आणि समोरचा उत्तरच देत नसेल तर रेडिओ पूर्ण पेज टाइमआउट (गाठायच्या प्रयत्नाची मुदत) थांबतो, मूळ मूल्य ५.१२ सेकंद. म्हणजे इन्क्वायरीत प्रिंटर सापडला होता, पण नावाशिवाय. तुमच्या कोडने ‘नाव जुळत नाही’ म्हणून त्याला फेकून दिलं आणि नाव आलं तेव्हा तुम्ही दुकान बंद केलं होतं.

एलईतही नावाची हीच गत. जाहिरातीच्या मूळ पॅकेटात ३१ बाइट मावतात. नाव पुष्कळदा दुसऱ्या पॅकेटात ठेवलेलं असतं आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाही. विचारणारा स्कॅन तो ॲक्टिव्ह, नुसता ऐकणारा तो पॅसिव्ह. पॅसिव्ह स्कॅन लावून नावाची वाट पाहणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे, म्हणून सांगतो: पत्त्यावरून, डिव्हाइसच्या वर्गावरून किंवा सेवेच्या यूयूआयडीवरून (सेवेचा ठरलेला ओळख-क्रमांक) ओळखा. नाव माणसाला दाखवण्यापुरतं ठेवा.

दोन तोंडांचं डिव्हाइस

हेडफोनवाल्यांची तक्रार वेगळी असते: सापडतो, जोडलाही जातो, आवाज येत नाही. पुष्कळ हेडफोन दोन्ही भाषा बोलतात. एलईवर ते आपल्या ॲपशी बॅटरी वगैरे बोलतात, आणि गाणी येतात क्लासिकवरून (नव्या एलई ऑडिओचा अपवाद सोडून). एलईचा टप्पा आधी असल्याने हेडफोन आधी एलईच्या तोंडाने दिसतो. तुमचा प्रोग्राम ‘सापडला’ म्हणून तिथेच शोध थांबवतो आणि जोडणी करतो. क्लासिक तोंड ब्लूझने पाहिलेलंच नाही, मग तो एलईवरूनच जोडणार. नोंदीत सगळं यशस्वी, कानात शांतता.

कधी एलईचा पत्ता खासगी, बदलता असतो, तेव्हा एकच हेडफोन यादीत दोनदा दिसतो आणि माणूस वरच्यावर क्लिक करतो, जो आधी आला म्हणून वर आहे. इथेही उपाय तोच: आवाजाचं काम असेल तर ट्रान्सपोर्ट ‘बीआरईडीआर’. आधी चुकीच्या बाजूने जोडून ठेवलं असेल तर ते डिव्हाइस यादीतून पूर्ण काढून मग नव्याने शोधा. नुसतं तोडून पुन्हा जोडलं तर जुनीच ओळख वापरली जाते.

अँड्रॉइडवर

तिथे दोन शोध उघडउघड वेगळे ठेवलेले आहेत, त्यामुळे हा घोळ कमी होतो, दुसरा होतो. ‘स्टार्टडिस्कव्हरी’ म्हणजे साधारण १२ सेकंदांची इन्क्वायरी आणि मग नावं विचारण्याची फेरी. एलईसाठी स्कॅनर वेगळा. जोडणी करण्याआधी ‘कॅन्सलडिस्कव्हरी’ हवंच. शोध चालू असताना जोडायला गेलात तर जोडणी रखडते किंवा फसते, कारण रेडिओचा बहुतेक वेळ हाका मारण्यात चाललेला असतो. हे लिनक्सवरही तितकंच खरं. अधीर बटणवाल्यांसाठी अँड्रॉइड ७ पासून एक बेडीही आहे: ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा एलई स्कॅन सुरू केलात तर पुढचा स्कॅन सुरू झाल्यासारखा दिसतो आणि काहीच आणत नाही. ही चूक म्हणूनही कळवली जात नाही, नोंदीत एक ओळ येते तेवढीच.

तरीही दिसत नसेल तर

‘स्कॅन बीआरईडीआर’ पूर्ण चालूनही डिव्हाइस येत नाही म्हणजे ते उत्तरच देत नाहीये. हेडफोन नुसता चालू असून भागत नाही, पेअरिंगच्या अवस्थेत असावा लागतो. प्रिंटर दुसऱ्या मोबाइलला जोडलेला असेल तर पुष्कळदा तो नव्याला दिसतच नाही. आणि ‘मोबाइलवर तर दिसतोय’ असं म्हणण्याआधी तो वरच्या, आधीच जोडलेल्या डिव्हाइसांच्या यादीत दिसतोय की खालच्या, नव्याने सापडलेल्यांच्या, ते नीट पाहा. वरच्या यादीत बंद पडलेला प्रिंटरही दिसतो. मी या एका गोष्टीवर अर्धी दुपार घालवली आहे. मोबाइलवर दिसणारा तो प्रिंटर तेव्हा कपाटात होता, बॅटरी काढून ठेवलेला.

माझ्या प्रोग्राममध्ये आता ‘पुन्हा शोधा’ हे बटण नोंदीत ‘इन्क्वायरी कम्प्लीट’ येईपर्यंत राखाडी राहतं. त्यावर ‘बटण अडकलंय’ अशा तक्रारी येतात. प्रिंटर सापडत नाही अशी मात्र अजून आलेली नाही.